मेकॅनिक्सवर कॉपीराइट नसतो, पण म्हणून गेम उचलता येत नाही

गेम बनवणाऱ्या पोरांमध्ये एक फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय: ‘मेकॅनिक्सवर कॉपीराइट नसतो. नाव आणि चित्रं बदला, बिनधास्त उचला. आणि आपण भारतात आहोत, कोण विचारतंय?’

पहिलं वाक्य बरोबर आहे. मेकॅनिक्स म्हणजे खेळ कसा चालतो त्याचे नियम, म्हणजे कल्पनाच. कल्पनेवर कॉपीराइट नसतो, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्येच आर. जी. आनंद खटल्यात सांगितलं. अमेरिकेत ‘स्ट्रीट फायटर टू’ हा गेम बनवणाऱ्या कॅपकॉमला ‘फायटर्स हिस्टरी’ या तशाच गेमविरुद्ध १९९४ मध्ये मनाईहुकूम मिळाला नाही, तोही बव्हंशी याच कारणानं. घोळ पुढच्या वाक्यात आहे.

‘चित्रं बदला.’ झिओ इंटरॅक्टिव्ह या कंपनीनं आयफोनसाठी ‘मिनो’ बनवला तेव्हा ‘टेट्रिस’ समोर ठेवूनच बनवला, आणि हे कबूलही केलं. कायदा वाचलाय, फक्त नियम घेतलेत, असा त्यांचा बचाव. २०१२ मध्ये न्यू जर्सीच्या फेडरल कोर्टानं तो फेटाळला. वरून तुकडे पडणं, ते फिरवून ओळ भरणं, भरलेली ओळ गायब होणं हे कोणीही घ्यावं. पण दहा बाय वीसचंच मैदान, तेच सात तुकडे, तुकडा कुठे बसेल ते दाखवणारी तीच सावली, डाव संपताना तसेच भरत जाणारे चौकोन? यातलं काहीच खेळाच्या नियमानं भाग पाडलेलं नव्हतं. वेगळ्या आकारांचे तुकडे घेऊन कोडं रचायला झिओला कोणी अडवलं होतं, असा कोर्टाचा सवाल होता. चित्रं नव्यानं काढली म्हणून दिसणं वेगळं होत नाही. (‘दहा टक्के बदल केला की चालतं’ हा याचाच चुलतभाऊ. असा आकडा कुठल्याच कायद्यात नाही.)

दुसरं म्हणजे, कॉपीराइट नाही म्हणजे काहीच नाही, हे कोणी ठरवलं? पेटंट असतं ना. लोडिंग चालू असताना छोटा गेम खेळायला देण्याचं पेटंट नामको या गेम कंपनीकडे २०१५ पर्यंत होतं. ‘पॅलवर्ल्ड’ हा गेम आला तेव्हा सगळे त्यातले प्राणी (म्हणजे ‘पॅल’) पोकेमॉनशी ताडून बघत बसले. निन्टेन्डो आणि पोकेमॉन कंपनीनं सप्टेंबर २०२४ मध्ये टोकियोत दावा लावला तो मात्र पेटंटचा, म्हणजे थेट मेकॅनिक्सवर. निकालाआधीच ‘पॅलवर्ल्ड’ बनवणाऱ्या पॉकेटपेअरला गेममध्ये हात घालावा लागला. गोळा फेकून पॅल बोलावणं गेलं, आता तो खेळाडूशेजारीच उभा राहतो. पॅलला धरून तरंगणंही गेलं, त्यासाठी आता ग्लायडर लागतो.

राहिलं ‘आपण भारतात आहोत’. आपल्या पेटंट कायद्याचं कलम ३ (एम) खेळ खेळण्याच्या पद्धतीला पेटंट देत नाही, हे खरंच. पण तुमचा गेम विकला जातो जगभरच्या स्टोअरवर, आणि जिथे विकाल तिथला कायदा लागतो. कोलकात्याच्या दोन भावांचा ‘स्क्रॅब्युलस’ आठवा, पटावर शब्द जुळवायच्या ‘स्क्रॅबल’सारखाच ऑनलाइन गेम. दिल्ली उच्च न्यायालयानं २००८ मध्ये स्क्रॅबलच्या पटावर दावा करणाऱ्या मॅटेल कंपनीचा कॉपीराइट मानला नाही, म्हणजे फॉरवर्डवाल्यांचा मुद्दा जिंकला. ‘स्क्रॅब्युलस’ हे नाव वापरायला मात्र ट्रेडमार्कखाली मनाई केली. आणि अमेरिका-कॅनडातल्या खेळाडूंसाठी तो गेम फेसबुकवरून त्याआधीच उतरवावा लागला होता.