राक्षस राहू द्या, आधी फळी तासा

'फायनल फॅन्टसी १४' या ऑनलाइन खेळात जग वाचवायला येणाऱ्याला कोणी आधी सांगत नाही, की जग वाचवणं हा इथला जोडधंदा आहे. २०१३ साली खेळ नव्याने सुरू झाला, तेव्हापासून ड्रॅगन, साम्राज्यं, कोसळणारे चंद्र अशी जंगी आमिषं दाखवून गिऱ्हाइकाला आत ओढलं जातं. थोड्याच दिवसांत ते गिऱ्हाईक ग्रिडानिया नावाच्या शहराभोवतीच्या रानात मेपलची झाडं तोडताना सापडतं. तीन ओंडके आणि एक विंड शार्ड, म्हणजे वाऱ्याच्या स्फटिकाचा तुकडा, दिला की एक फळी मिळते. अशा शंभरेक फळ्या झाल्यावर जगाच्या अंताची कोणाला आठवणही राहत नाही.

कारागीर आठ: सुतार, लोहार, चिलखतवाला, सोनार, कातडी कमावणारा, विणकर, किमयागार आणि आचारी. कच्चा माल आणणारे तीन: खाणवाला, झाडपाल्यावाला, मासेमार. म्हणजे अकरा. बारा बलुतेदारांना एक कमी पडतो, आणि तो न्हावी. न्हावी खेळात आहे, पण त्याचा धंदा आपल्याला करता येत नाही. खानावळीच्या खोलीत घंटी वाजवून त्याला बोलवायचं आणि हवा तो भांग पाडून घेऊन मिरवायचा. उरलेले अकरा धंदे मात्र एकच माणूस करू शकतो. त्यासाठी पहिल्या वर्गाची, म्हणजे सुरुवातीला निवडलेल्या पेशाची, लेव्हल १० ची कामगिरी पुरी केलेली असावी लागते.

मी नवख्याला एकच गोष्ट सांगेन: एकच धंदा शिकून भागेल या भ्रमात राहू नका. सुताराच्या यादीत डोकावलं की धातू मागितलेला दिसतो, तो येणार लोहाराकडून किंवा चिलखतवाल्याकडून. मग कातडं लागतं, मग सूत. तागाच्या सुतासाठी मोको गवत आणि लाइटनिंग शार्ड हवा, आणि ते गवत कापायला कोयता घेऊन पुन्हा रानात. त्यात धंद्यांची गिल्डं तीन शहरांत वाटलेली. सुतार ग्रिडानियात, लोहार आणि आचारी लिम्सा लोमिन्सात, विणकर आणि सोनार उल्दात. एक साधी वस्तू बनवायला माणूस तिन्ही राजधान्या पालथ्या घालतो आणि वाटेत दिसलेल्या राक्षसांना वळसा घालून जातो.

आता प्रत्यक्ष क्राफ्टिंग. खिडकी उघडली की तीन गोष्टी दिसतात. प्रोग्रेसची पट्टी भरली की वस्तू तयार. क्वालिटीची पट्टी जितकी भरेल तितकी वस्तू उत्तम दर्जाची, म्हणजे एचक्यू, निघण्याची शक्यता वाढते. आणि ड्युरेबिलिटी म्हणजे वस्तूचा जीव, जो प्रत्येक घावाला १० ने घटतो. प्रोग्रेस पुरा व्हायच्या आत जीव शून्यावर आला तर माल बुडाला. नवखा नेमका इथे आपटतो. क्वालिटीची पट्टी वर चढताना पाहून त्याला चेव येतो, 'आणखी एकच टच' (म्हणजे क्वालिटी वाढवणारा घाव) म्हणत तो बटण दाबतो, आणि स्क्रीनवर ठिणग्या उडून सगळं खलास.

त्यापेक्षा हिशेब करा. आधी एकदा बेसिक सिंथेसिस, म्हणजे प्रोग्रेस वाढवणारा घाव, मारून पट्टी किती सरकते ते बघा. धरा, ड्युरेबिलिटी ४० आहे आणि पहिल्या घावात प्रोग्रेस अर्धा भरला. म्हणजे शेवटी आणखी एकच सिंथेसिस लागणार. तो घाव जीव शून्यावर नेणारा असला तरी चालतो, वस्तू पुरी झाली म्हणजे झालं. मधल्या जागेत दोन बेसिक टच बसतात, प्रत्येकी १८ सीपी, म्हणजे क्राफ्टिंग पॉइंट, कारागिराचा दम. मग मास्टर्स मेंड, ८८ सीपीला ३० ड्युरेबिलिटी परत. म्हणजे आणखी तीन टच. पाच टचचे ९० आणि मेंडचे ८८ मिळून १७८ झाले. नवख्या कारागिराकडे सीपी असतात १८०. उरलेल्या दोन सीपींचं काय करायचं हे आजवर कोणाला उमगलेलं नाही.

मेंड लेव्हल ७ ला मिळतं. त्याआधी एचक्यूचा हट्ट धरणारा माणूस मला थोडा हट्टीच वाटतो. पुढे लेव्हल २१ ला ग्रेट स्ट्राइड्स येतं, ते पुढच्या एका टचचं फळ दुप्पट करतं. लेव्हल २६ ला इनोव्हेशन येतं, ते चार पावलं क्वालिटी दीडपट ठेवतं. दोन्ही लावून मारलेल्या टचची मजा काही औरच. खिडकीतला गोळा लाल झाला तर स्थिती 'गुड', त्या घावाची क्वालिटी दीडपट. इंद्रधनुष्यासारखा झाला तर 'एक्सलंट', थेट चौपट. पण त्याच्या पुढचं पाऊल हमखास 'पुअर' असतं आणि तिथे टच मारला तर अर्धंच पदरात पडतं. त्या पावलावर मेंड करा नाहीतर सिंथेसिस. हर्षवायू झालेल्या माणसाला हे सुचत नाही, ही गोष्ट वेगळी.

पट्टी अर्धी भरली म्हणजे शक्यताही अर्धी, हे गणित इथे चालत नाही. अर्ध्या पट्टीला शक्यता बरीच खाली असते आणि शेवटच्या टप्प्यात ती झपाट्याने चढते. ९८ टक्क्यांवर साधी वस्तू हाती पडली तर कीबोर्डवर राग काढू नये, तो महाग असतो. ट्रायल सिंथेसिस नावाचं बटण आहे, त्यात माल न खर्चता तालीम होते. ते बटण सगळ्यांना दिसतं आणि पहिला माल बुडेपर्यंत कोणी दाबत नाही. हत्यारांकडेही लक्ष असू द्या. त्यांच्या क्राफ्ट्समनशिप या आकड्याने प्रोग्रेस वाढतो, कंट्रोल या आकड्याने क्वालिटी. जुन्या हातोडीने नवी वस्तू घडवायला जाल तर हिशेब कितीही पक्का असो, पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकेल.

मग खरा शत्रू येतो: बॅग. खाने १४०. ऐकायला पुष्कळ वाटतात. पण साधी फळी आणि एचक्यू फळी एका खान्यात राहत नाहीत, नाव सारखं असलं तरी दर्जा वेगळा म्हणून घर वेगळं. चोकोबो या स्वारीच्या पक्ष्याच्या पाठीवरच्या पिशवीत ७० खाने जास्तीचे मिळतात, पण तिथला माल क्राफ्टिंगच्या वेळी मोजला जात नाही. खिडकी म्हणते कातडं नाही, कातडं पक्ष्याच्या पाठीवर डुलत असतं.

चोकोबो म्हणजे पिवळा, घोड्याएवढा पक्षी. तो आधी स्वारीला मिळतो आणि लेव्हल ३० ची कामगिरी केली की लढाईत सोबतीला येतो. बोलवायला गिसाल ग्रीन्स नावाची पाल्याची जुडी लागते. एका जुडीला अर्धा तास. वेळ संपली की लढाई रंगात आलेली असो, स्वारी निघून जाते. चार पवित्र्यांपैकी नवख्याने 'हीलर', म्हणजे जखमा भरणारा, ठेवावा. 'फ्री'मध्ये तो स्वतःच्या मर्जीने वागतो, आणि मर्जी कधी काय असेल सांगता येत नाही. रँक १० च्या पुढे नेण्यासाठी त्याला थाव्नेअरचा कांदा खाऊ घालावा लागतो. डंजनमध्ये मात्र त्याला प्रवेश नाही.

दुसरे सोबती रिटेनर, म्हणजे पदरी ठेवलेले नोकर. मुख्य कथा लेव्हल १७ च्या आसपास पोहोचली की दोन फुकट ठेवता येतात. प्रत्येकाकडे १७५ खाने आणि बाजारात विकायला २० वस्तूंची जागा. मोफत चाचणीत खेळणाऱ्याला मात्र ना रिटेनर ना मार्केट बोर्ड, म्हणजे खेळाडूंचा बाजार, वर गिलची, म्हणजे खेळातल्या पैशांची, मर्यादा ३ लाख. त्याने आहे त्या खान्यांत संसार करायचा. रिटेनर ठेवताना त्याचा स्वभावही निवडावा लागतो, म्हणजे बोलण्याची तऱ्हा ठरते, काम तेच. व्हेंचर टोकन, म्हणजे मोहिमेचं नाणं, देऊन त्यांना धाडा: मागितलेला माल हवा तर एक टोकन, पण त्यासाठी त्यांच्या अंगावर योग्य हत्यारं-कपडे हवेत आणि त्यांची लेव्हल तुमच्या त्या धंद्यातल्या लेव्हलच्या वर जात नाही. तासाभराच्या झटपट मोहिमेला दोन टोकनं, आणि परतताना काय आणतील याचा भरवसा नाही, बहुधा कोणी घालणार नाही असा कपडा किंवा रंगाची डबी. १८ तासांच्या लांब मोहिमेलाही दोनच टोकनं. म्हणून झोपायला जाताना लांबची मोहीम लावा. सकाळी उठून रिटेनरच्या घंटीशी जा, तर अजून दहा-अकरा तास बाकी असतात, आणि तोवर बाजारात लावलेल्या फळ्यांवर कोणीतरी एक गिल कमी किंमत लावून ठेवलेली असते.