प्रसूतीपूर्व वर्गाला आजींनाही घेऊन या

इंदुरातल्या मराठी मुली हल्ली सातवा लागला की नवऱ्यासोबत प्रसूतीपूर्व वर्गाला जातात. चांगलंच आहे. तिथे शिकवतात, कळा पाच-पाच मिनिटांनी, प्रत्येक मिनिटभर आणि अशा तासभर आल्या की दवाखान्यात निघायचं. पाणी गेलं, रक्त दिसलं किंवा बाळाची हालचाल मंदावली तर कळांची वाट बघायची नाही. नवरे हे सगळं नीट लक्षात ठेवतात. पण घरी आल्यावर तिसऱ्या रात्री बाळ रडतं तेव्हा शब्द चालतो आजीचा, आणि तिला वर्गात कुणी बोलावलेलंच नसतं!

त्या रात्रीचं गणित समजून घ्या. पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी जेमतेम चमचाभर, ५-७ मिली चीक, म्हणजे आईचं पहिलं घट्ट दूध, पुरतो. दूध भरून यायला साधारण दुसरा ते पाचवा दिवस उजाडतो, आणि ते येतं बाळ सारखं ओढतं म्हणूनच. २४ तासांत ८ ते १२ वेळा पाजणं हे नेहमीचं. 'हिला दूधच नाही' म्हणून पावडरचा डबा उघडला की बाळ झोपतं, ओढणं कमी होतं आणि दूध खरंच आटतं. म्हणून अंदाज बांधू नका, लंगोट मोजा. पाचव्या दिवसापासून दिवसाला निदान सहा ओले हवेत आणि काळी शी पिवळी व्हायला हवी. सुरुवातीला वजन थोडं उतरतंच. मात्र १० टक्क्यांच्या पुढे गेलं, बाळ सुस्त पडलं, ओढेनासं झालं किंवा पिवळेपणा पायांपर्यंत उतरला तर त्याच रात्री डॉक्टर गाठा. त्यांनी वरचं दूध सांगितलं तर बिनधास्त द्या.

पाजणं वर्गात बाहुली घेऊन शिकावं, आणि आजीनेही. बाळाचं पोट आईच्या पोटाला, नाक स्तनाग्रासमोर. तोंड जांभईएवढं उघडेपर्यंत थांबायचं, मग बाळाला स्तनाकडे आणायचं. डोकं मागून दाबायचं नाही. हनुवटी स्तनाला टेकलेली आणि स्तनाग्राभोवतीचा काळा भाग वरच्या ओठाच्या वर जास्त, खाली कमी दिसला की जमलं. नुसतं टोक तोंडात गेलं तर चिरा पडतात. दुखतच राहिलं तर ओठाच्या कोपऱ्यातून करंगळी घालून सोडवा आणि पुन्हा लावा.

आजीच्या हातचं पुष्कळ काही टिकायलाच हवं. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाळंतिणीला स्वयंपाकघरातून सुट्टी, हलक्या हाताची मालिश. पण मध वर्षभर नाही, बोटाला लावूनही नाही. त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंनी तान्ह्याचे स्नायू लुळे पडू शकतात. गुटी आणि पाणीही सहा महिने नको. आणि इंदूरच्या थंडीत दारं-खिडक्या लावून कोळशाची शेगडी पेटवतात, ती अजिबात नको. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच जीव जातो. त्यापेक्षा टोपी, मोजे घाला आणि बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घ्या.

आजींना हे सुनेने सांगितलं तर भांडण होतं, वर्गातल्या सिस्टरने सांगितलं तर त्या ऐकतात. म्हणून फी भरण्याआधीच विचारा, 'सासूबाईंना किंवा आईला आणलं तर चालेल ना?' नाही म्हणाले तर दुसरा वर्ग शोधा.