बाळाचं प्लॅनिंग आणि लस: त्या फॉरवर्डचा खुलासा

आमच्या लालबागच्या ग्रुपवर परवापासून एक मेसेज फिरतोय की बाळाचा विचार करणाऱ्या नवराबायकोने वर्षभर कुठलीच लस घ्यायची नाही, एमएमआरने (गोवर, गालगुंड आणि रुबेलाची एकत्र लस) तर वंध्यत्व येतं म्हणे. साफ चुकीचं आहे.

यात खरं इतकंच की एमएमआर आणि कांजिण्यांच्या लसीत जिवंत पण कमजोर केलेले विषाणू असतात, त्यामुळे गरोदरपणात त्या देत नाहीत आणि घेतल्यावर बाईने निदान एक महिना दिवस जाऊ देऊ नयेत (कांजिण्यांसाठी काही डॉक्टर जास्त थांबवतात, विचारून घ्या). वर्ष कुठून आलं देव जाणे. आणि त्या महिन्यात चुकून दिवस गेलेच तरी तेवढ्यावरून गर्भपात करायची गरज नसते, डॉक्टरांच्या कानावर घाला.

खरी भीती रुबेलाची. आईला नुसतं पुरळ, बारीक ताप, कधी तेही नाही, पण गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत झाला तर बाळाचं हृदय, डोळे, कान यांना कायमची इजा होऊ शकते. म्हणून आधीच रुबेला आयजीजी (रक्तात रुबेलाविरुद्धची प्रतिपिंडं आहेत का ते) तपासतात. इथे गंमत अशी की रिपोर्ट निगेटिव्ह आला की लोक खुश होऊन फाईलला लावतात, अरे निगेटिव्ह म्हणजे संरक्षण नाही, लस घ्यायचीय!

नवऱ्याला तर थांबायचं काहीच कारण नाही, उलट लोकलच्या गर्दीतून गोवर घरी आणेल तो तोच. फ्लूची इंजेक्शनवाली लस कधीही चालते, गरोदरपणातसुद्धा.

2018 ला राज्यात गोवर-रुबेला मोहीम झाली तेव्हाही हीच वंध्यत्वाची अफवा होती, तेव्हा मुलांच्या नावाने.