त्या दिवशी मी ओरडायला नको होतं

भाच्याला विचारून लिहितेय. त्याचं नाव लिहिणार नाही, आणि ओळखीच्यांनी अंदाज बांधू नयेत ही हात जोडून विनंती.

तो तेव्हा तेरा वर्षांचा होता. घरात रंगकाम चालू होतं, थिनरचा वास सगळीकडेच भरलेला, त्यामुळे कित्येक दिवस कुणाला काही जाणवलं नाही. एका संध्याकाळी मी गच्चीवर कपडे काढायला गेले, तर हा पाण्याच्या टाकीमागे उकिडवा बसलेला. मुठीत थिनरने भिजवलेला रुमाल, रुमाल नाकाशी. त्याने वर बघितलं, पण नजर माझ्यावर ठरेचना. मी जिवाच्या आकांताने ओरडले. तो उठून जिन्याकडे पळाला, मी त्याच्या मागे. तीन मजले. खाली गाठलं आणि एक सणसणीत ठेवून दिली.

दोन दिवसांनी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि मला विचारलं, "तुम्ही त्याला पळवलंत?"

मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकताना माझे हातपाय गार पडले. थिनर, पंक्चरचं सोल्युशन, लायटरचा गॅस, डिओच्या डब्यातला गॅस, यातली रसायनं हृदयाला अ‍ॅड्रिनलिन या संप्रेरकापुढे फार नाजूक करून ठेवतात. अशा वेळी पोरगं दचकलं, घाबरलं किंवा जोरात पळालं की शरीरात अ‍ॅड्रिनलिन उसळतं आणि ठोक्यांचा ताल पार बिघडतो. हृदय नुसतं थरथरत राहतं, रक्त पुढे जातच नाही. काही मिनिटांत खेळ संपतो. मिलार्ड बास या अमेरिकन डॉक्टरांनी अशा ११० मृत्यूंची माहिती १९७० मध्येच प्रसिद्ध केली होती आणि त्याला 'सडन स्निफिंग डेथ' असं नाव दिलं होतं. सवय लागलेल्यालाच हा धोका असतो असंही नाही. पहिल्यांदा हुंगणारं मूलही जाऊ शकतं.

म्हणजे माझ्या ओरडण्याने, माझ्या मागे लागण्याने माझाच भाचा त्या जिन्यात कोसळला असता. नाही कोसळला, हे निव्वळ नशीब. खूप महिन्यांनी तो मला म्हणाला, "मावशी, तेव्हा छातीत इतकं धडधडत होतं ना, मला वाटलं आता फुटणार." त्या रात्री मी झोपले नाही.

म्हणून आधी हेच सांगते. मूल असं काही हुंगताना दिसलं तर आरडाओरडा करू नका, झटापट करू नका, मागे धावू नका. खिडक्या-दारं उघडा, आसपास काडी पेटवू नका, कारण ही सगळी पेट घेणारी द्रव्यं आहेत. हलक्या आवाजात बोला, त्याला बसवा, पूर्ण भानावर येईपर्यंत एकटं सोडू नका. शुद्ध हरपली तर कुशीवर वळवून लगेच अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा. श्वास थांबला असेल तर अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत छाती दाबत राहा. रागवायचं ते नंतर रागवा. खरं तर नंतरही नकोच.

डॉक्टरांसमोर भाचा काय म्हणाला माहितेय? "मी काय दारू पीत होतो का? नुसता वास तर घेत होतो." तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या लेखी ती नशा नव्हतीच. आपण मुलांना दारू वाईट, सिगारेट वाईट, ड्रग्ज वाईट असं सांगत आलो. कपाटातल्या, दप्तरातल्या, बाथरूममधल्या वस्तूंबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या सर्वेक्षणाचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यात हुंगण्याची ही एकच नशा अशी निघाली, जिचं प्रमाण मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये जास्त आहे. मोठ्यांत ०.५८ टक्के, मुलांत १.१७ टक्के. अमेरिकेतही बारावीपेक्षा आठवीतली मुलं यात पुढे असतात. आणि आपण मात्र सगळी सावधगिरी कॉलेजसाठी राखून ठेवतो!

ही रस्त्यावरच्या पोरांची नशा, असं म्हणून हात झटकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. एक तर ती पोरंही कुणाची तरी लेकरं आहेत. आणि भरल्या घरातल्या पोराच्या मुठीतही तोच रुमाल असतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

ओळखणं अवघड आहे, कारण नशा काही मिनिटांत उतरते आणि लघवीच्या नेहमीच्या तपासणीत ती सापडत नाही. आमच्याकडे खुणा होत्या, आम्हीच त्यांचे वेगळे अर्थ लावले. तोंडाभोवती पुरळ आलं, आम्ही म्हटलं वयात येतोय. डोकं दुखायचं, म्हटलं मोबाइल. जेवण कमी झालं, चिडचिड वाढली, म्हटलं हे वयच असं. शर्टाच्या बाहीला वास यायचा, म्हटलं रंगकाम.

दीर्घकाळ हुंगणाऱ्यांचं काय होतं तेही डॉक्टरांनी सांगितलं. थिनरमध्ये असणारं टोल्युइन नावाचं रसायन मेंदूतल्या तंतूंवरचं आवरण खराब करतं. हात कापतात, चाल बिघडते, लक्षात राहत नाही. याच्यावर उतारा म्हणून देता येईल असं एखादं औषध नाही. समुपदेशन, वेळ आणि घरच्यांचा धीर, एवढंच हाताशी असतं. आमचाही रस्ता सरळ नव्हता. चार महिन्यांनी त्याने परत एकदा केलं. पण त्या वेळी स्वतः येऊन सांगितलं.

अशा वस्तूंवर बंदी घालून काय होणार, असं लोक म्हणतात. पण ऑस्ट्रेलियात दुर्गम वस्त्यांमधली मुलं पेट्रोल हुंगत होती, तिथे २००५ मध्ये ओपल नावाचं, नशा आणणारे घटक अगदी कमी असलेलं पेट्रोल आणलं आणि ते जिथे जिथे पोचलं तिथे हुंगणं खूप घटलं. वस्तूच बदलली. मुलांना बेड्या घालाव्या लागल्या नाहीत. शाळेत दप्तरं तपासून, पकडलेल्याला सगळ्यांसमोर उभं करून काय मिळतं? पुढच्या वेळी ते मूल जास्त आडोशाला जाऊन बसतं, जिथे पडलं तरी कुणाला कळणार नाही.

"मुलांना सांगितलं तर उलट त्यांना कल्पना मिळेल," हे माझ्या बहिणीनेच मला ऐकवलं. भीती रास्त आहे. म्हणून मी नशा हा शब्दच वापरत नाही, विष म्हणते. माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. तिला मी डब्यावरची बारीक अक्षरं वाचायला लावली आणि झुरळाच्या औषधाबद्दल बोलावं तितक्या साधेपणाने सांगितलं, हा वास फुप्फुसात गेला तर हृदय बंद पडू शकतं. तिने दोन प्रश्न विचारले आणि खेळायला गेली.

पुढच्या पालकसभेत मी दहा मिनिटं मागितली आहेत. सातवी-आठवीच्या मुलांशी या विषयावर कुणी बोललं असेल तर सुरुवात कशी केलीत, मुलांनी काय विचारलं, ते खाली लिहा. मेसेज केलात तरी चालेल.