तळघरातल्या गटाराचा गाळ कॉस्टिकने जात नाही

पावसाळ्याच्या तोंडावर कोकणातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो: तळघरातल्या पार्किंगच्या गटारात मे महिन्यात दोन किलो कॉस्टिक सोडा ओता, वर ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर टाका, पाइपने पाणी मारा. पंप ऑटोमॅटिक आहे, पुढे चार महिने बघायला नको. आणि समुद्र जवळ असेल तर पाणी जमिनीतूनच येतं, मग हा खटाटोपही फुकटच.

कॉस्टिक तेलकट चिकटा आणि केस काढतं, म्हणून मोरीत चालतं. इथे असतो जांभ्याचा तांबडा गाळ, टायरची रेती, आंब्याचा पाला, नारळाचा काथ्या. माती कॉस्टिकला दाद देत नाही. ॲसिड सिमेंट खातं, आणि ब्लीचिंग पावडरवर ॲसिड पडलं की क्लोरीन सुटतो. तो हवेपेक्षा जड, म्हणजे तळघरातच साचून राहणार. मेसेजमधली ही ओळ निव्वळ चुकीची नाही, जीवघेणी आहे.

पाइपने पाणी मारणं हा आळशी उपाय. त्याने गाळ जाळीखालून संपमध्ये, म्हणजे गटाराचं पाणी जमा होऊन पंपाने उपसलं जातं त्या खड्ड्यात, सरकतो, एवढंच. आधी जाळ्या उचला, गाळ कोरडा असतानाच खोऱ्याने घमेल्यात भरा, मग ब्रश आणि शेवटी पाणी. ऑइलच्या डागांवर लाकडाचा भुसा टाकून तो झाडून काढा. साबणाने धुतलंत तर ऑइल संपमध्येच जाईल. संपमध्ये माणूस उतरवू नका, आत विषारी वायू असू शकतो. पंप साखळीने वर घ्यायचा. साखळी साधी लोखंडी असेल तर खाऱ्या हवेत गंजून ऐन वेळी तुटते. ३१६ ग्रेडची स्टेनलेस घ्या.

आता ऑटोमॅटिक पंप. तो सुरू होतो फ्लोटमुळे, म्हणजे पाण्याबरोबर वर तरंगणाऱ्या स्विचमुळे, आणि फ्लोटची वायर काथ्यात अडकली की तो वर येतच नाही. पाणी उलटं येऊ न देणाऱ्या नॉनरिटर्न व्हॉल्व्हच्या झडपेत खडा बसला, तर उपसलेलं पाणी पंप थांबताच परत संपमध्ये. पंप दर दोन मिनिटांनी चालू-बंद होताना ऐकू आला तर आधी ही झडप उघडून तपासा. पंपावरच्या पाटीवर लिहिलेल्या लिटरच्या आकड्यावर विसंबू नका, उंचीवर पाणी चढवताना तो आकडा घटतो. स्वतः मोजा: १ मीटर × १ मीटरच्या संपमध्ये पातळी ५० सेंटिमीटर उतरली म्हणजे ५०० लिटर गेले. त्याला ५ मिनिटं लागली तर मिनिटाला १०० लिटर. उघडा रॅम्प ६० चौरस मीटरचा असेल आणि तासाला १०० मिलिमीटर पाऊस कोसळला, तर एकट्या रॅम्पवरूनच तेवढं येतं. म्हणजे हातात काहीच उरत नाही. ही चाचणी जून ते सप्टेंबर दर आठवड्याला, आणि दुसरा पंप आलटून पालटून चालवून.

राहिलं जमिनीतलं पाणी. काही ठिकाणी ते खरं आहे. कोरड्या दिवशी पंप बंद ठेवून संपच्या भिंतीवर खडूने भरती-ओहोटीच्या वेळी खुणा करा. भरतीबरोबर पातळी वाढत असेल तर झिरपा आहे, आणि मग पंपाला रोजचं काम आहे, गटार साफ हवंच. पातळी तशीच राहिली, पण उधाणाला गटारातून उलटं पाणी आलं, तर दोष बाहेरच्या जोडणीत: तिथे झडप बसवा, आणि पंपाचा बाहेर जाणारा पाइप रस्त्याच्या पातळीपेक्षा वर चढवून मग खाली वळवा.