सव्वापाच किलोंचा सावकार

कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांच्या शेजारी, बुधवारच्या चौकोनात मी बारीक अक्षरांत लिहिलं होतं : गोधडी पुरी करणे, डिंकाचे लाडू, बोंबील. चौकोन एवढासा, त्यामुळे कामंही एवढीशीच वाटत होती.

गुरुवारी संध्याकाळी डोंबिवलीला भाचीच्या मुलीचं बारसं. वाळे, बिंदल्या, चांदीची वाटी वगैरे बाकीच्यांनी आपसांत वाटून घेतलं होतं आणि ताईने माझ्याकडे गोधडी आणि बाळंतिणीचे लाडू सोपवले होते. "तुला काय, घरीच असतेस," असंही वर म्हणाली. बँकेतून निवृत्त झाल्यापासून हे वाक्य मी आठवड्यातून दोनतीनदा तरी ऐकते. ते म्हणणाऱ्यांनी आमच्याकडे येऊन एक दिवस मांजरांबरोबर काढावा आणि मग बोलावं.

मांजरं दोन. सावकार आणि ठकी. सावकार चार वर्षांपूर्वी आपणहून आला, उंबऱ्यावर बसला आणि उधारी वसूल झाल्याशिवाय उठणार नाही अशा नजरेने आत बघत राहिला. त्या नजरेवरूनच नाव पडलं. आम्ही अजून व्याजच फेडतोय. त्याचं वजन सव्वापाच किलो. हे अंदाजाने सांगत नाही. त्याला कडेवर घेऊन मी काट्यावर उभी राहते आणि मग माझं वजन वजा करते. माझा आकडा इथे देण्याचं कारण नाही. ठकी बारीक, काळीपांढरी, खालच्या टॅक्सीच्या बॉनेटमध्ये सापडलेली. माहीमला रिक्षा येत नाहीत, नाहीतर मीटर टाकून आली असती अशी ती चवचाल आहे.

तान्ह्या बाळाची गोधडी नव्या कापडाची करत नाहीत. धुऊन धुऊन मऊ झालेलं सुतीच लागतं. माझी पाच पदरी होती : वर आईचं निळं पातळ, खाली सासूबाईंच्या नऊवारीचे दोन पदर, मग माझ्या कॉलेजच्या ड्रेसची ओढणी आणि तळाला यांचा लेंगा. लेंग्याची बातमी अजून यांच्यापर्यंत पोचलेली नव्हती. माप ३६ बाय ३० इंच. इंचा-इंचावर धावदोऱ्याची ओळ घालायची, कडेपासून सुरुवात करून फिरत फिरत मध्यापर्यंत. बँकेची सवय, मी हिशेब मांडला. १०८० इंच, म्हणजे ३० वार टाके. इंचाला चार टाके धरले तरी चार हजारांच्या वर. तीनचार तासांचं काम, दुपारच्या जेवणाआधी संपेल.

हिशेबात एकच गोष्ट धरायची राहिली. ३६ बाय ३० हे माप तान्ह्या बाळाला जेवढं चपखल, तेवढंच मांजरालाही.

घरात सोफा आहे. गादी आहे. मांजरांसाठी मुद्दाम मागवलेला गोल, गुबगुबीत बिछाना आहे, त्यात सध्या कांदेबटाटे असतात कारण त्यावर कोणी बसत नाही. पण सकाळी साडेआठला मी फरशीवर पाचही पदर अंथरले, सुरकुत्या हाताने सारख्या केल्या, चारी कोपऱ्यांवर डबे ठेवले आणि टाचणीची डबी आणायला उठले, तोवर मधोमध सावकार. नुसता बसला नव्हता. डोळे अर्धे मिटून पुढच्या दोन पायांनी आईच्या पातळावर कणीक तिंबत होता. पिल्लं आईचं दूध उतरावं म्हणून तशी तिंबतात, मोठेपणी सवय उरते, असं म्हणतात. असेल. पण नखं पाचही पदरांतून आरपार जात होती.

मी उचललं. मांजर उचललं जाऊ नये असं ठरवतं तेव्हा त्याच्या अंगात हाडं उरत नाहीत. वरचा अर्धा सावकार माझ्या हातात आला, खालचा अर्धा पातळ धरून राहिला. मधले पदर सरकले. पुन्हा अंथरलं. पुन्हा बसला. तिसऱ्या वेळी त्याच्या बाजूबाजूने टाचलं. ठकी तेवढ्या वेळात दोऱ्याच्या टोकावर दबा धरून होती. एक टाका मी घालायची, दोरा वर ओढला की ती झेप घ्यायची. पहिल्या तासात एक बाजूही झाली नाही. शेवटी तिला स्वयंपाकघरात नेलं, आणि नेलंच आहे तर लाडूंचं बघावं म्हटलं.

डिंक आदल्या दिवशी गॅलरीत उन्हात ठेवला होता. ऑक्टोबरचं ऊन एवढ्या एकाच कामाचं. तुपात चार चार खडे टाकून तळायचे, ते फुलून पांढरे झाले की लगेच काढायचे. घाई केली तर खडा आत कच्चा राहतो आणि बाळंतिणीच्या दाढेत जाऊन बसतो. म्हणून या कामावरून नजर काढता येत नाही. खडा तडतडून फुलला की ठकी ओट्याखाली, शांत झाला की ओट्यावर. खारीक, भाजलेलं खोबरं, खसखस, बदाम, गूळ, सगळं परातीत कालवून गरम असतानाच वळायला घेतलं, तर ती परातीची कड चाटायला लागली. मांजराच्या जिभेला गोड कळतच नाही, ती चव ओळखणारं जनुक त्यांच्यात निकामी असतं. म्हणजे माझा गूळ, जायफळ, सगळी मेहनत तिच्या लेखी शून्य. तिचं लक्ष फक्त तुपावर होतं. गंमत म्हणजे आमच्या ह्यांचंही.

हे तेवढ्यात गोपी टँक मार्केटातून बोंबील घेऊन आले. नवरात्रात नऊ दिवस मासळी बंद होती आणि दसऱ्यानंतरचा हा पहिला बुधवार, त्यामुळे चेहऱ्यावर विजयादशमीच होती. पिशवी दारात आली नाही तोच सावकाराने गोधडी सोडली. सकाळपासून मी जे तीन तास करू शकले नाही ते एका पिशवीने केलं.

बोंबील म्हणजे बहुतेक पाणीच. साफ करून, मधोमध चिरून उघडायचे आणि फडक्यात गुंडाळून वजनाखाली दाबायचे, नाहीतर तव्यावर खळ होते. मी ताटात फडकं, त्यावर बोंबील, वर पाट असं रचलं. पाट्यावरवंट्याला घरात जागा उरली नाही तेव्हापासून मी वजन म्हणून खलबत्ता ठेवते. पण खलबत्त्यात खसखस होती. तो रिकामा करायला वळले, परत बघते तर पाटावर सावकार.

मासे खाली आहेत हे त्याला कळत होतं. वर कसे आणायचे ते कळत नव्हतं. म्हणून तो जप्तीच्या मालावर बसावं तसा पाय पोटाखाली घेऊन बसला. मी हात पुढे केला आणि थांबले. ताटात कडेने पाणी सुटायला लागलं होतं. सव्वापाच किलो, सारखं पसरलेलं, वरून गरम. खलबत्ता कधी एका बाजूला कलंडतो, हा कलंडणारा नव्हता. पाऊण तास तो हलला नाही. मी तीनदा पाणी ओतून टाकलं. त्या दिवशीचे बोंबील असे कुरकुरीत झाले की हे म्हणाले, "आज काय वेगळं केलंस?" मी म्हटलं, रवा जाड होता. वजनदाराला त्याचा वाटा दिला, वेगळा उकडून, मीठमसाला न लावता. कांदा-लसूण मांजरांना विषासारखे, त्यामुळे आमच्या ताटातला तुकडा मागायला ती आली की दोघांचीही तोंडं वाईट होतात.

जेवण झाल्यावर मी परत गोधडीवर बसले आणि सुई नव्हती.

आता हे नीट सांगायला हवं. मी नायगावच्या बीडीडी चाळीत वाढले. १६० चौरस फुटांची खोली, माणसं सात. १९८२ चा संप झाला, बाबांची गिरणी नंतर उघडलीच नाही, तेव्हा आई लोकांच्या गोधड्या शिवायची. खोलीत अंथरायला जागा नसायची म्हणून बाहेरच्या पॅसेजमध्ये. येणारेजाणारे भिंतीला चिकटून जायचे, पण गोधडीवर कोणी पाय देत नसे. आईचा एकच नियम होता : सुई मोजून घ्यायची, मोजून ठेवायची. एक कमी भरली तर ती सापडेपर्यंत चूल पेटत नसे. रात्री कंदील घेऊन फरशी चाचपणारी आई मला आत्ता दिसते. आणि माझ्याकडे सुई एकच होती, तीही दोरा ओवलेली, आणि घरात ठकी.

मांजराच्या जिभेवरचे काटे घशाकडे वळलेले असतात. दोरा एकदा जिभेवर बसला की थुंकता येत नाही, आत आतच जातो. पोटात अडकला तर नाडी ओढल्यावर लेंग्याला चुण्या पडाव्यात तशी आतड्यांना चुण्या पडतात. हे मला आमच्या मांजरांच्या डॉक्टरांनी पूर्वीच सांगितलेलं. शिवाय, तोंडातून किंवा मागून दोऱ्याचं टोक दिसलं तरी ओढायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा.

मी ठकीला धरलं, जबडा उघडला. दात, जीभ, तुपाचा वास. दोरा नाही. तिने निषेध म्हणून माझ्या मनगटावर रेघ ओढली. फ्रीजवरचा गणपतीचा लोहचुंबक काढून मी फरशीवर फिरवला. दोन टाचण्या, एक केसाची पिन, एक स्टेपलरची पिन निघाली; चार वर्षांपूर्वी हरवलेलं म्हणून मोलकरणीवर मनातल्या मनात संशय घेतलेलं कानातल्याचं मळसूत्र मात्र नाही, कारण ते सोन्याचं. गोधडी बोटांनी इंचन् इंच चाचपली. डॉक्टरांचा फोन लागेना. परळचं बैलघोडा, म्हणजे जनावरांचं इस्पितळ, किती वाजेपर्यंत उघडं असतं, टॅक्सी मिळेल का, पिंजरा माळ्यावरून कोण काढणार, असं सगळं एकदम डोक्यात. मी हाक मारली, "अहो, पिंजरा काढा!"

हे बाहेरच्या खोलीतून आले. हातात मोबाइल. दुसऱ्या हातात सुई.

"अगं, सिम काढायचं होतं. ते एवढंसं भोक असतं ना बाजूला, तिथे घालायला काही सापडेना."

"दोरा?"

"तो काढला."

"काढून कुठे टाकला?"

त्यांनी खिशातून दोरा काढला, गोळा झालेला, बडीशेपेचे दाणे लागलेला. मी तो हाताने सरळ करून मोजला. पुरा होता. मग मी जे बोलले ते ठकीनेही कान मागे पाडून ऐकलं. त्याच भरात लेंग्याची बातमीही देऊन टाकली, म्हणजे एकाच भांडणात दोन्ही निकाली.

संध्याकाळ लाडू डब्यात भरण्यात आणि ताईचे चार फोन घेण्यात गेली. "झाली का गोधडी?" "होतच आली." रात्री साडेनऊला खरी बैठक बसली. ठकी कपाटावर झोपली होती. हे गुन्हेगारासारखे सुईत दोरा ओवून देत होते. कडेपासून आत, एक फेरी, दोन, चार, टाका तांदळाएवढा. बोटाला अंगुस्तान, तरी बोट हुळहुळलेलं. साडेअकराला सहासात फेऱ्या झाल्या, हाताला लय सापडली, आणि नेमका तेव्हा सावकार आला. मांडीवरच्या गोधडीच्या बरोबर मध्यावर दोन चकरा मारल्या, अंगाचं वेटोळं केलं, शेपूट नाकाखाली घेतली आणि घोरायला लागला.

उठवलं असतं तर पुन्हा सकाळचं सगळं सुरू. मी तशीच शिवत राहिले. ओळी आत सरकत त्याच्यापर्यंत पोचल्या, मग त्याला वळसा घालून जायला लागल्या. पाठीची मोठी गोलाई, शेपटीपाशी आत वळलेलं टोक, डोक्याशी जरा अडखळत. एकदा सुई त्याच्या मिशीपाशी गेली, त्याने एक डोळा उघडून टाका तपासला आणि मिटला. सव्वाला तो पाणी प्यायला उठला. मी मधली मोकळी जागा त्याच आकारात भरून टाकली, गाठ मारली, दोरा दाताने तोडला.

सकाळी गोधडी धुतली, गॅलरीत वाळवली, इस्त्री केली, चिकटपट्टीने केस टिपले. वाळत असताना तिच्याखाली दोघं वर बघत बसली होती.

दादरला गाडी बदलून डोंबिवली गाठली. पाळण्यात बाळाखाली गोधडी घातली, गोविंद घ्या गोपाळ घ्या झालं. भाचीच्या सासूबाई हातावर पदर घेऊन वाकल्या, गोधडीवरून हात फिरवला आणि मला म्हणाल्या, "अगंबाई, मधोमध कोयरी काय सुरेख उतरलीय! हल्ली अशी टाक्यांची कोयरी कोण काढतं?"

हे पेढा खाता खाता खोकले.

"फक्त एक विचारू?" त्या आणखी वाकल्या. "कोयरीला वर ही दोन टोकं कसली हो?"

"देठ," मी म्हटलं.