अक्षर नसलं म्हणून वीरगळ मुका कसा?

वीरगळांवरचा, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांच्या कोरीव स्मृतिशिळांवरचा, तुमचा बाकी लेख झकास, पण त्यातलं ‘बहुतेक वीरगळांवर अक्षर कोरलेलं नाही, म्हणून ते मुके’ हे वाक्य खटकलं. अक्षर नाही हे खरं. पण वीरगळ खालून वर वाचायचा असतो. तळाच्या चौकटीत पडलेला वीर. शेजारी गाई कोरल्या असतील तर गडी गोधन राखताना गेला. वर लढाई, त्यावर अप्सरा त्याला घेऊन चालल्यात, शेवटी शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला, आणि माथ्यावर कलश. बोरिवलीच्या एकसरला तर चक्क गलबतांची लढाई आहे, वल्ही मोजता येतील अशी. याला मुकं म्हणायचं?

आमच्या गावात (सातारा जिल्हा) भैरोबाच्या देवळामागे असे तीन होते. आजी अमावास्येला तेल घालायची, देव कुठला ते तिलाही ठाऊक नव्हतं. जीर्णोद्धारात दोन फरशीखाली गेले. तिसऱ्याला भक्तिभावाने चंदेरी ऑइलपेंट फासलाय. दिवाळीत बोट फिरवून पाहिलं: घोड्याचा लगाम अजून नखाला लागतो, अप्सरांचे चेहरे मात्र पार बुजलेत. तुम्ही लेखात झिजेचा सगळा दोष ऊनपावसाला दिलात, आमच्याकडे दोन डबे रंग पुरले. पुढच्या भागात हा रंग दगडाला धक्का न लावता कसा काढायचा, ते जाणकारांना विचारून जरूर लिहा. तारेचा ब्रश घेऊन खरवडायला निघालेली उत्साही पोरं मी कशीबशी थोपवून धरलीयत.